टेपची साक्ष

सायकल चालवताना हात नेमके कुठे असतात, हे चालवणाऱ्याला विचारू नये. त्याच्या हँडलबारवरची जुनी टेप उलगडून पाहावी. माझ्या पहिल्या ड्रॉप बारची, म्हणजे दोन्ही टोके खाली वळलेल्या हँडलबारची, टेप दोन वर्षांनी काढली, तेव्हा ब्रेकच्या हुडांमागचा, म्हणजे ब्रेकच्या लिव्हरवर असतात त्या रबरी मुठींमागचा, भाग घामाने काळवंडून, दबून, काचेसारखा गुळगुळीत झालेला होता आणि खालच्या वळणावरची टेप मात्र बांधली त्या दिवशी जशी होती तशीच होती. खडीच्या आणि दगडगोट्यांच्या वाटांवर उतार आला की आपण खालची पकड घेतो, असे मी इतरांना सांगत असे आणि मनापासून तसे मानतही असे. टेपने ते खोटे पाडले.

ती हँडलबारची दांडी ४२ सेंटिमीटर रुंदीची होती, डांबरी रस्त्यावरच्या सायकलवर असते तशी, हुडापासून खाली सरळ उतरणारी. खाली हात नेले की खांदे आक्रसत, कोपरे बरगड्यांना येऊन भिडत, छाती खाली दबे आणि पुढच्या चाकावर ज्या क्षणी सर्वांत जास्त ताबा हवा, त्याच क्षणी तो सर्वांत कमी वाटे. शरीर फार शहाणे असते. एकदोनदा अनुभव घेऊन त्याने ती जागा मला न विचारताच सोडून दिली होती आणि मी मात्र दोन वर्षे, उतारावर बोटे ब्रेकपर्यंत नीट का पोहोचत नाहीत याचा दोष माझ्या कौशल्याला देत होतो. फ्लेअर असलेल्या, म्हणजे खाली येताना बाहेर फाकत जाणाऱ्या दांडीचा विचार माझ्या डोक्यात शिरला तो तिथून.

अशी दांडी समोरून पाहिली तर उलट्या धरलेल्या शिंगांसारखी दिसते. वरचा भाग नेहमीचा, पण हुडाखाली दोन्ही बाजू सरळ न उतरता एकमेकींपासून दूर जातात. किती दूर जातात, ते उभ्या रेषेशी होणाऱ्या कोनात सांगण्याची पद्धत आहे. सालसा कंपनीच्या काऊबेल या दांडीचा फ्लेअर १२ अंशांचा आहे, त्याच कंपनीच्या काऊचिपरचा २४ अंशांचा, रिची कंपनीच्या व्हेंचरमॅक्सचाही २४ अंशांचा. काही दांड्या ३० अंशांपर्यंत जातात. मला हा अंशांचा व्यवहार कधीच पटला नाही, कारण हाताला अंश कळत नाहीत, सेंटिमीटर कळतात. त्यामुळे शाळेतली त्रिकोणमिती पहिल्यांदाच कामी आली. हुडापासून खालच्या टोकापर्यंतची उंची १२ सेंटिमीटर धरली, तर १२ अंशांनी प्रत्येक बाजू सुमारे अडीच सेंटिमीटर बाहेर जाते, म्हणजे एकूण रुंदी पाच सेंटिमीटरने वाढते. २४ अंशांनी ती साडेदहाच्या आसपास वाढते आणि ३० अंशांनी जवळजवळ १४. फाकणे अगदी हुडापासून सुरू होत नाही, म्हणून प्रत्यक्षात एखादा सेंटिमीटर कमीच भरतो. तरीही अर्थ स्पष्ट आहे. अशा दांडीला एक रुंदी नसते, दोन असतात. आणि आपण दुकानात ज्या आकड्याकडे बघून निर्णय घेतो, तो त्यातला एकच असतो.

तोही आकडा कुठे मोजला आहे, हे दर वेळी विचारावे लागते. बहुतेक उत्पादक हुड बसतात त्या जागी नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत, तर काही खालच्या टोकांना. ब्रेक लिव्हर बसतो तिथे नळीचा व्यास २४ मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. तेव्हा केवळ मोजण्याच्या पद्धतीमुळे ४४ ची दांडी ४२ ची किंवा ४६ ची ठरू शकते. खालच्या टोकांवरून मोजलेली ५० ची दांडी वर ४० चीच निघू शकते, हा तर त्याहून मोठा गोंधळ. मोजपट्टी खिशात ठेवणे हा यावरचा एकमेव उपाय मला ठाऊक आहे.

रुंदी हवीच कशाला, हा प्रश्न मी फार उशिरा विचारला. आधी विचारला असता तर पैसे वाचले असते. पुढचे चाक एखाद्या दगडाच्या बाजूला घासून आडवे ढकलले जाते, तेव्हा तो धक्का चाकाला एका अंगाला वळवू पाहतो आणि ते वळवणे हातांनी थोपवायचे असते. समजा तो पीळ १० न्यूटन-मीटरचा आहे आणि दोन्ही हात सारखे जोर लावत आहेत, एक ढकलतो आहे, दुसरा ओढतो आहे. हातांमधले अंतर ४२ सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक हाताला सुमारे २४ न्यूटन जोर लावावा लागतो. तेच अंतर ५२ सेंटिमीटर असेल तर १९. पाच न्यूटन म्हणजे अर्धा किलो वजनाएवढा फरक, ऐकायला किरकोळ. परंतु खडबडीत उतारावर असा धक्का मिनिटाला एकदा येत नाही, तो सेकंदाला अनेकदा येतो, आणि तासाभराने मूठ उघडत नाही ती याच अर्ध्या किलोंच्या बेरजेमुळे. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. चाक पाच अंश वळण्यासाठी ४२ च्या दांडीवर हात १.८ सेंटिमीटर सरकतो, ५२ च्या दांडीवर २.३, म्हणजे रुंद दांडीवर हात तेवढाच थरथरला तरी चाक कमी थरथरते. सैल मातीत पुढचे चाक भरकटू लागते तेव्हा हा संथपणा मोलाचा वाटतो.

हे कोडे माउंटन बाइकवाल्यांनी केव्हाच सोडवले, असे कोणी म्हणेल. १९९० च्या दशकात त्यांच्या सरळ दांड्या ५६ ते ६० सेंटिमीटरच्या असत, आज त्या ७४ ते ८० च्या असतात. उलट डांबरी शर्यतींमध्ये वारा कापण्यासाठी दांड्या इतक्या अरुंद होत गेल्या की, सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला, यूसीआयला, २०२३ पासून किमान ३५ सेंटिमीटर आणि २०२६ पासून किमान ४० सेंटिमीटर बाह्य रुंदीचा नियम करावा लागला. खडीच्या वाटेवरचा ड्रॉप बार या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. सपाटीवर वाऱ्याविरुद्ध तासन् तास काढायचे तेव्हा त्याने अरुंद असावे आणि उतार लागला की रुंद व्हावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा आहे. फ्लेअर ही या दोन्ही मागण्या एकाच नळीत वाकवून बसवण्याची युक्ती आहे.

ही युक्ती ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या वाटांवरचे सायकलिंग, हा शब्द फॅशनमध्ये आल्यावर निघाली, असा माझा समज होता. तो चुकीचा होता. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या रँडोनर दांड्या फार पूर्वीपासून खाली फाकलेल्या असत. कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात माउंटन बाइक आकार घेत होती, तेव्हा चार्ली कनिंगहॅम यांनी आपल्या ॲल्युमिनियमच्या सायकलींवर सरळ दांडीऐवजी फाकवलेले ड्रॉप बारच बसवले. पुढे १९८२ मध्ये स्टीव्ह पॉट्स आणि मार्क स्लेट यांच्यासह त्यांनी डब्ल्यूटीबी ही कंपनी काढली. कनिंगहॅम यांनीच घडवलेल्या, ड्रॉप बारच्या सायकलवर जॅकी फेलन यांनी १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षे माउंटन बाइकची अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९९० मध्ये ड्युरँगो येथे झालेल्या माउंटन बाइकच्या जागतिक स्पर्धेत जॉन टोमॅक ड्रॉप बार लावून उतरले होते, त्याचे कारण मात्र वेगळे होते. त्या काळी ते डांबरी रस्त्यावरच्या व्यावसायिक संघाकडूनही शर्यती करत आणि दोन्ही सायकलींवर हातांची बैठक एकच राहावी, असा त्यामागचा विचार होता. या सगळ्यांत मला कनिंगहॅम पंथाचे लोक अधिक शिकवून गेले. त्यांच्या दृष्टीने खालची पकड हीच मुख्य पकड होती. म्हणून ते दांडी उंच बसवत, इतकी की खालच्या वळणात हात घातले तरी पाठ वाकून जाऊ नये. हुडांवर हात ठेवणे त्यांच्या लेखी विश्रांती होती.

हे वाचूनही मी चूक केलीच. दुसरी दांडी घेताना मी नेटाने मोठे आकडे निवडले. हुडांवर ५० सेंटिमीटर, फ्लेअर ३० अंश, म्हणजे खालची टोके ६२ च्या घरात. पहिल्याच उतारावर ती दांडी विलक्षण वाटली. खालच्या वळणात हात घातले की खांदे मोकळे, कोपरे बाहेर, ब्रेक एका बोटाच्या टप्प्यात आणि चाक जणू रुळावरून चालल्यासारखे. परंतु कोणत्याही सवारीत उतार असतो तो थोडा वेळ. उरलेल्या चार तासांत मी हुडांवर होतो आणि हुड आतल्या बाजूला कलले होते. यात दोष कोणाचाच नाही. ब्रेक लिव्हर नळीला चिकटून बसतो, नळी ३० अंश तिरपी असेल तर लिव्हरही तिरपा होतो, त्याचे डोके आत येते आणि पाते बाहेर जाते. बहुतेक लिव्हर उभ्या नळीसाठी घडवलेले असतात, तेव्हा हुडाचा सपाट भाग तळहाताखाली न येता अंगठ्याच्या बाजूने घसरतो आणि मनगट करंगळीच्या दिशेने मुडपले जाते. तिसऱ्या आठवड्यात करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले. शिवाय वरही ५० सेंटिमीटर असल्याने हात कायम पसरलेले राहत आणि संध्याकाळी दोन खांद्यांच्या मधोमध, पाठीच्या वरच्या भागात, एक खिळा ठोकल्यासारखी कळ येई.

फ्लेअर फार असला तर हुड थोडे फिरवून सरळ करता येतात, हे खरे. पण फार फिरवले तर लिव्हर आवळणारा पट्टा नळीच्या गोलाईवर नीट बसत नाही आणि अर्धवट बसलेल्या लिव्हरवर खडीच्या वाटेत विश्वास टाकण्याइतका मी धीट नाही.

रुंद दांडी लावली की स्टेमचा, म्हणजे दांडीला सायकलशी जोडणाऱ्या पुढच्या तुकड्याचा, प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि तो टाळणाऱ्याला त्याचे उत्तर पाठ देते. हात बाहेर पसरले की पुढे तेवढेच लांब पोहोचू शकत नाहीत. म्हणून दांडी दोन सेंटिमीटर रुंद केली की स्टेम एक सेंटिमीटर आखूड करावा, असा ढोबळ ठोकताळा सायकल बसवून देणारे सांगतात. तो मला बऱ्यापैकी खरा वाटला. मात्र त्यातली गंमत कागदावर आकृती काढल्यावर कळली. हुडांवरचे हात सुकाणूच्या अक्षापासून केवळ बाजूला नसतात, ते बरेच पुढेही असतात. नव्वद मिलिमीटरचा स्टेम, त्यापुढे दांडीचा पुढे जाणारा सात-साडेसात सेंटिमीटरचा भाग आणि वर हुड, असे मिळून पंधरावीस सेंटिमीटर सहज होतात. त्यामुळे हुडांवर असताना आपण सायकल अर्धी ढकलून-ओढून आणि अर्धी डावी-उजवीकडे झुकवून वळवतो. खालच्या वळणात हात मागे येतात, अक्षाच्या जवळ, आणि तिथे काम करते ती जवळजवळ निव्वळ रुंदी. याचाच अर्थ हुडांवर दोन सेंटिमीटर रुंदी वाढवून फारसा ताबा मिळत नाही, तर खाली तेच दोन सेंटिमीटर स्पष्ट जाणवतात. माझ्या ५० च्या दांडीने वरची रुंदी वाढवून मला ताबा दिलाच नव्हता, केवळ पाठदुखी दिली होती.

तेव्हापासून मी दोन रुंद्या वेगवेगळ्या ठरवतो आणि तिसरी गोष्ट, म्हणजे कोन, त्यांच्या वजाबाकीतून निघू देतो. वरची रुंदी शरीराने ठरवावी. खांद्याच्या टोकाला हाताने चाचपले की एक हाडाचा उंचवटा लागतो. डाव्या उंचवट्यापासून उजव्यापर्यंतचे अंतर माझे ४१ सेंटिमीटर आहे. डांबरी रस्त्यावर दांडी तेवढीच असावी असा जुना संकेत आहे. खडीच्या वाटेवर हुडांवर त्यापेक्षा दोन ते पाच सेंटिमीटर जास्त मला चालतात, त्यापुढे पाठ तक्रार करते. खालची रुंदी वाटेने ठरवावी आणि ती अजमावण्याचा एक सोपा मार्ग आहे. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तिच्यावर अंग झोकून द्यावे आणि दोन्ही तळहातांनी स्वतःला थोपवावे. विचार न करता हात जिथे टेकतात, ते अंतर मोजावे. घाबरलेले शरीर आधारासाठी किती रुंदी मागते, याचा तो प्रामाणिक अंदाज असतो. माझे हात ५३ च्या आसपास टेकले, पाच वेळा करूनही. म्हणजे वर ४६ आणि खाली ५३ यांच्यामध्ये सात सेंटिमीटरचा फरक, आणि साडेअकरा सेंटिमीटर उंचीच्या वळणावर तो भरून काढायला १६-१७ अंश पुरतात. तीस अंशांची मला कधीच गरज नव्हती. ज्याची वाट निव्वळ उताराची आणि मुळाधोंड्यांची आहे आणि जो बहुतांश वेळ खालीच हात ठेवतो, त्याचे उत्तर वेगळे येईल. त्याने २४ अंश आणि उंच बसवलेली दांडी घ्यावी, त्याला हुडांच्या तिरपेपणाची फिकीर करायचे कारण नाही.

उंचीचे गणित चुकले तर मात्र ही सगळी मोजमापे वाया जातात. खालचे वळण फार खोल असेल किंवा दांडी फार खाली बसवली असेल, तर कितीही फ्लेअर असला तरी हात तिथे जाणार नाहीत. रस्त्याच्या जुन्या दांड्यांची खोली १४ सेंटिमीटरच्या आसपास असे. व्हेंचरमॅक्ससारखी दांडी सव्वादहाच्या जवळ थांबते, ती उगाच नव्हे.

बाकीच्या गोष्टींचे पारडे हलके आहे. झाडांमधून जाणाऱ्या चिंचोळ्या पायवाटांवर ६० च्या पुढची टोके खोडांना बोटे ठेचून घेतात, एवढे लक्षात ठेवावे. दांडीला पुढे सामानाची गुंडाळी बांधून मुक्कामी प्रवास करणाऱ्यांना फाकलेल्या टोकांमुळे पिशवीला आणि बोटांना दोघांनाही जागा मिळते, हा फायदा मात्र खरा आहे. आणि सरळ दांडी रुंद घेऊन घरी करवतीने कापता येते, तशी मुभा इथे नाही. ड्रॉप बारची टोके कापली तर खालचे वळण आखूड होते, हुडांवरची रुंदी एका केसानेही कमी होत नाही.

दांड्या बदलताना दोन धडे मिळाले, ते कोणत्याही तक्त्यात नसतात. पहिला असा की, ४२ च्या दांडीसाठी मापून कापलेली ब्रेकची हायड्रॉलिक नळी त्याहून रुंद, फाकलेल्या दांडीला पुरत नाही. वरवर ती पुरते, पण हँडल पूर्ण एका बाजूला वळवले की ताणली जाते आणि मग नवी नळी टाकून तेल भरून हवा काढण्यापर्यंत काम वाढते. म्हणून दांडी बदलण्याआधी हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून नळीत किती ढील आहे ते पाहावे. दुसरा धडा टेपचा. लांब दांडीवर नेहमीची टेप स्टेमपर्यंत पोहोचत नाही, आणि खेचून पोहोचवली तर पहिल्या पावसात वेटोळी सरकतात. मी स्टेमजवळचा तळहाताएवढा भाग उघडाच ठेवला. तिथे माझे हात जात नाहीत, हे मला पहिल्या टेपनेच सांगितले होते.

मागच्या महिन्यात तिसऱ्या, ४६ च्या दांडीची टेपही काढली. हुडांमागे काळवंडलेला भाग होताच, पण या वेळी खालच्या वळणातही, लिव्हरच्या मागे तर्जनी आणि अंगठा वळतात त्या ठिकाणी, टेप दोन्ही बाजूंनी झिजून पातळ झाली होती. उजवीकडे थोडी जास्त. मी उतारावर उजव्या हाताने अजूनही गरजेपेक्षा घट्ट धरतो, असे दिसते. किंवा डाव्या बाजूची टेप मी जरा सैल गुंडाळली असेल. नवी बांधताना दोन्हींचा ताण सारखा ठेवला आहे.